चुंबकाच्या दारातून आत

एमआरआयची खोली बहुधा रुग्णालयाच्या तळमजल्यावर, नाहीतर तळघरात असते. काही टन वजनाचे चुंबक वर चढवणार कोण? घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन आपण तिथे गेलात, की घड्याळ, कवळी, नाणी, श्रवणयंत्र सारे दाराबाहेरच उतरवावे लागते. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला कोणताही धातू असेल, तर तो वेळ ठरवतानाच सांगावा.

आईच्या सोन्याच्या बांगड्या रुमालात बांधून मी तिथल्या बाकावर बसलो होतो. मूतखड्यासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये तिच्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत अवचित एक गाठ दिसली होती. ती निरुपद्रवी की नाही, हे तिच्या पेशींत चरबी आहे का यावरून बरेचसे ठरणार होते.

चरबी आणि पाणी वेगळे कसे ओळखतात? उद्यानाच्या गोल वाटेवर फिरणारे दोन गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. एकाची चाल किंचित जलद; म्हणून कधी ते बरोबरीने चालतात, तर कधी वर्तुळाच्या दोन विरुद्ध टोकांना असतात. चुंबकाच्या सान्निध्यात पाण्यातील व चरबीतील हायड्रोजनचे असेच होते. १.५ टेस्लाच्या यंत्रात विरुद्ध स्थिती सुमारे २.३ सहस्रांश सेकंदाला येते, बरोबरीची ४.६ ला. बरोबरीच्या चित्रात दोघांचे संदेश मिळवले जातात, विरुद्ध चित्रात वजा होतात. या दोन चित्रांची बेरीज केली तर केवळ पाण्याचे आणि वजाबाकी केली तर केवळ चरबीचे चित्र हाती येते, हे थॉमस डिक्सन यांनी १९८४ मध्ये दाखवले. यकृतातील चरबी मोजण्याच्या आजच्या पद्धतीही याच वाटेने आल्या.

मात्र त्यासाठी श्वास पंधरा-वीस सेकंद रोखावा लागतो. घरी आधी सराव करून घ्या. आम्ही केला होता. पण श्रवणयंत्र काढल्यावर आईला सूचनाच ऐकू येणार नाहीत, हे माझ्या ध्यानी आले नव्हते. पहिली चित्रे हलली. मग माझे खिसे तपासून, कानांत बोळे घालून मला आत घेतले. काचेपलीकडून तंत्रज्ञाने हात वर केला, की मी आईचे पाऊल दाबायचे. सोडले, की तिने श्वास घ्यायचा.

संध्याकाळी डॉक्टरांनी दोन चित्रे शेजारी लावली. एकात गाठ करडी, दुसऱ्यात काळीभोर. पेशींत चरबी होती. गाठ साधी होती. (चरबी दिसली नाही म्हणजे कर्करोगच, असे मात्र समजू नये, पुढील तपासण्या त्यासाठीच असतात.) संप्रेरकांसाठी रक्त तपासायला त्यांनी सांगितले. आईने बांगड्या मागितल्या. रुमाल सोडून मी त्या मोजून दिल्या.