आधी जिवाणू, मग प्रवाळ

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंचावर आहे. घाट उतरला की वेंगुर्ला, मालवण, पणजी एका दिवसात जाऊन येण्यासारखी. त्यामुळे इथे, किंवा थोडं उत्तरेला निपाणीत, घरी प्रवाळांचा टँक लावायचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो तो पाण्याचा, दुसरा पैशाचा. माझ्या अनुभवाने तिसराच प्रश्न या दोघांपेक्षा मोठा आहे, आणि तो वेळेचा. काच, दिवे, पंप, स्किमर, मीठ हे सगळं पैसे मोजले की घरपोच येतं. ज्या जिवाणूंच्या जोरावर त्या काचेतलं पाणी जगण्यालायक होतं, त्यांची वस्ती मात्र आठवड्यांच्या हिशेबानेच बसते. माझं म्हणणं एवढंच आहे की ही वस्ती बसल्याची खात्री होईपर्यंत टँकमध्ये एकही मासा किंवा प्रवाळ घालू नये, आणि ती बसवण्यासाठी किनाऱ्यावरून काहीही उचलून आणायची गरज नाही. समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसाला हे सहज जमतं.

सुरुवात पाण्यापासून. बेळगाव शहराला राकसकोप जलाशयाचं पाणी येतं. साठवलेलं पावसाचं पाणी असल्याने ते बोअरच्या मानाने मऊ असतं. निपाणी-चिकोडी पट्ट्यात मात्र अनेक घरांची भिस्त बोअरवर असते. तिथलं पाणी जड असतं आणि ऊस-तंबाखूच्या शेतातल्या खतांचं नायट्रेट त्यात उतरू शकतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, कधी जुन्या जोडण्यांमधलं तांबंही येतं, आणि आपल्याला अजिबात न जाणवणारं तांबं प्रवाळांना, गोगलगायींना आणि कोळंबीला मारतं. म्हणून पाणी आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय गाळणीतून काढायचं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. शिरोड्याच्या मिठागराचं खडे मीठ स्वस्त आहे, तेच का घालू नये, असं पुष्कळदा विचारलं जातं. मिठागरात पाणी आटतं तेव्हा खाली बसतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड, आणि मॅग्नेशियमचा बराचसा भाग उरलेल्या कडू पाण्यात राहतो. प्रवाळाला आपला सांगाडा रचायला कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि मॅग्नेशियम लागतं: लीटरमागे कॅल्शियम 420 मिलिग्रॅमच्या आसपास आणि मॅग्नेशियम 1300 च्या आसपास. म्हणून रीफ, म्हणजे प्रवाळांच्या टँकसाठी बनवलेलं मीठच घ्यावं आणि विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026 ठेवावं. समुद्राचं पाणी फुकट मिळतं हे खरं. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात खाडीचं गोडं पाणी, गाळ आणि होड्यांचं तेल किती मिसळलंय हे डोळ्यांनी कळत नाही, आणि पावसाळ्यात तर त्याची क्षारता कुठल्या कुठे जाते. दर आठवड्याला पाणी बदलताना ज्याचं प्रमाण आपल्याला ठाऊक आहे, तेच पाणी कामाचं.

आता मूळ मुद्दा. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून, मेलेल्या जिवातून अमोनिया तयार होतो. गोड्या पाण्याचे टँक सांभाळलेल्यांना हे ठाऊक असतं, पण खाऱ्या पाण्यात धोका वाढतो, कारण समुद्राच्या पाण्याचा सामू 8.2 च्या आसपास असतो. सामू 7 असलेल्या पाण्याच्या तुलनेत इथे अमोनियाचा विषारी वाटा सुमारे दहापट भरतो. जिवाणूंचा एक गट या अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे परकं वाटू नये. उसाला दिलेल्या युरियापासून जमिनीत आधी अमोनिया होतो, आणि त्याचं पुढे नायट्रेट होतं ते याच प्रक्रियेने. सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले, तेही मातीतून. त्यांचा स्वभाव मात्र संथ. साधे जिवाणू पोषक वातावरणात वीस मिनिटांत दुप्पट होतात, तर यांना एका दुपटीला साधारण दिवस लागतो. टँकला चार ते सहा आठवडे का लागतात, याचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

जिवाणूंना खाद्य म्हणून टँकमध्ये मासा सोडायची जुनी पद्धत आहे. ती मला पटत नाही. त्या माशाच्या कल्ल्यांना अमोनियाने भाजून आपण जे मिळवतो, ते चिमूटभर नवसागराने मिळतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईसाठी मिळणारा नव्हे, प्रयोगशाळेतला शुद्ध घ्यावा. 200 लीटर पाण्याला सव्वा ग्रॅम घातला की अमोनियाचं प्रमाण दशलक्षाला दोन भाग एवढं होतं. पुढे दिवे बंद, पंप चालू, तापमान 26 अंश, आणि रोज एकदा तपासणी. बाजारातल्या बहुतेक किटमध्ये छोट्या नळीत टँकचं पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि काही मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवट झालं तर आहे. पहिले कित्येक दिवस नळी गडद हिरवी येत राहते आणि काहीच घडत नाही असं वाटतं. मग एकदा हिरवा रंग फिका पडू लागतो आणि नायट्राइटची नळी रंग धरते. पुन्हा तेवढाच नवसागर घालून चोवीस तासांत अमोनियाची नळी पिवळी आली आणि नायट्राइटही उरलं नाही, तर वस्ती बसली असं समजावं. माझ्या लेखी हा एकच पुरावा ग्राह्य आहे. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसणं हा पुरावा नव्हे, कारण अमोनियाला रंग नसतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो बाटलीतल्या जिवाणूंचा. बाटली ओतली की दोन-चार दिवसांत मासे सोडा, असं दुकानात सांगतात. बाटली निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. चांगल्या, थंड जागी ठेवलेल्या बाटलीने कालावधी खरोखर कमी होतो. पण बाटलीत कोणते जिवाणू आहेत आणि ते जिवंत आहेत का, हे लेबल वाचून कळत नाही. नायट्राइट खाणारे जिवाणू नायट्रोबॅक्टर असतात असं कित्येक दशकं गृहीत होतं. 1998 मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम नायट्रोस्पायरा करतात असं दाखवलं. शास्त्रज्ञांना जे इतक्या उशिरा उमगलं, त्याची हमी लेबल देऊ शकत नाही. ती हमी नवसागराची चाचणी देते. शिवाय वस्ती बसणं ही फक्त पहिली पायरी. दिवे लावले की वाळूवर आणि दगडांवर तपकिरी थर चढतो, ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ. मागोमाग हिरवं शेवाळ येतं. हे पाहून लोक घाबरतात, औषध घालतात, नायट्रेट आणि फॉस्फेट पार शून्यावर आणतात, आणि मग त्याहून चिवट असे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव माजतात. गोगलगायी सोडाव्यात, पाणी बदलावं आणि थांबावं. दगडावर जांभळट गुलाबी कोरलाइन शेवाळाचे ठिपके दिसू लागले की टँक रुळतोय असं म्हणता येतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समुद्रातून आणलेल्या दगडावर जिवाणू आयतेच असतात, मग मालवणहून दोन दगड आणले तर काय बिघडलं? जीवशास्त्राच्या दृष्टीने यात तथ्य आहे, जगभर असे दगड, म्हणजे लाइव्ह रॉक, याच कारणासाठी वापरत आले आहेत. पण मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं आहे, आणि खडकी, काळे व अग्निप्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. पोरायटिससारखा गोलाकार प्रवाळ वर्षाकाठी सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे तळहाताएवढा तुकडा ही दहा वर्षांची कमाई. आपले सहा आठवडे वाचवायला समुद्राची दहा वर्षं खर्च करायची, हे कुठल्याच न्यायात बसत नाही. सुका दगड, म्हणजे ड्राय रॉक, आणि नवसागर हेच काम करतात. पहिले प्रवाळ म्हणून मश्रूम, झोअँथिड किंवा लेदर कोरल निवडावेत. हे मऊ प्रवाळ त्या अनुसूचीत नाहीत आणि पाण्यातलं थोडं कमी-जास्तही सोसतात. टँकमध्येच वाढवलेले तुकडे घ्यावेत आणि पावती मागावी. झोअँथिडमध्ये तीव्र विष असू शकतं, तेव्हा हातमोज्यांशिवाय ते हाताळू नयेत.

हवामान आणि खर्च यांचा आक्षेपही रास्त आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींना हीटर लागतो. एप्रिल-मेमध्ये पाणी 30 अंशांकडे सरकतं, आणि नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे टिकला तरी समुद्रातले प्रवाळ पांढरे पडतात. पण इथला उन्हाळा कोरडा आहे. पाण्यावर साधा पंखा सोडला तरी बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हा उपाय इतका चालत नाही. उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या आरओ पाण्याने करायची, क्षार टँकमध्येच राहिलेले असतात. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पाणी फिरवणारा निदान एक वेव्हमेकर चालला पाहिजे, कारण पाणी थांबलं की प्राणवायू संपतो. आरओमधून वाया जाणारं पाणी ही खरी अडचण आहे: एका लीटरमागे तीन-चार लीटर. ते फरशी पुसायला, भांडी विसळायला वापरावं. तेही जमणार नसेल तर टंचाईच्या गावात हा छंद करू नये, असं मी स्पष्ट सांगेन.

शेवटचा आक्षेप नीतीचा: समुद्रातला जीव काचेत कोंडायचाच कशाला? एप्रिल 2024 मध्ये जगातल्या चौथ्या व्यापक प्रवाळ-विरंजनाची, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याची, घोषणा झाली. अशा काळात हा प्रश्न टाळता येत नाही. समुद्रातून ओरबाडलेला प्रवाळ घरात मरत असेल तर विचारणाऱ्याचंच बरोबर आहे. टँकमध्ये वाढलेल्या तुकड्याचा तुकडा कोणी नीट जगवत असेल, तर त्या घरातल्या पोरांना प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे हे कळतं, आणि पाणी एका अंशाने तापलं तर काय होतं हेही. या दोन टोकांमधलं अंतर सुरुवातीच्या सहा आठवड्यांत ठरतं. म्हणून बेळगाव-निपाणीत जो कोणी हा टँक लावायला निघाला असेल त्याला माझी विनंती आहे: पैसे दिव्यांवर कमी खर्च करा, तपासणीच्या किटवर आधी करा, आणि नळी चोवीस तासांत पिवळी येईपर्यंत टँक रिकामा ठेवा. तेवढा धीर नसेल तर टँक लावू नका.