बघणाऱ्यांचा रकाना

शाळकरी छळाच्या कादंबरीचं कथानक उलगडताना मी समासात शिसपेन्सिलीने दोनच रकाने पाडायचो, मारणाऱ्याचा आणि सोसणाऱ्याचा. यंदा मानवतच्या माझ्या वर्गात एक मुलगी उठून म्हणाली, "सर, यात रोज तेच तर होतंय. मग कथा पुढं सरकते कशानं?"

तेव्हापासून हा प्रश्न पाठ सोडत नाही. आज डबा पळवला, उद्याही पळवला, परवाही. छळ म्हणजे मुळात तेच ते. कथानकाला मात्र कालच्याहून आज वेगळं लागतं. गाईडवाले सरळ सगळ्यात मोठी मारहाण शोधतात आणि तिला उत्कर्षबिंदू म्हणतात. मुलंही तेच पाठ करतात. मला ते साफ नामंजूर आहे.

रॉबर्ट मुसिलच्या 1906 मधल्या टोर्लेस या विद्यार्थ्याच्या कादंबरीत त्याच्या शाळेतल्या बासिनी या मुलाची चोरी उघडी पडते. दोघं सोबती ती गुपित ठेवतात आणि त्याला माळ्यावर नेऊन छळतात. माळा तोच, छळही तसाच. बदलते ती तिथं हजर असलेल्या टोर्लेसची नजर, आणि कथानक तिच्यावरच चालतं. म्हणून मी तिसरा रकाना पाडला, बघणाऱ्यांचा.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त (2004) छळ हा विषय नाही, पण रकाना तिथंही भरतो. आणीबाणीतला नववीचा वर्ग, टवाळी टोळक्याची आणि सांगणारा मुकुंद जोशी त्याच टोळक्यातला. त्यामुळे वाचक आधी हसून घेतो.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (2013) चित्रपट असला, तरी असं बांधलेलं कथानक मी दुसरं पाहिलं नाही. शाळकरी जब्या घरच्यांबरोबर डुकरामागे धावतोय आणि वर्गातली पोरं मजा बघत हसतायत. त्या बघणाऱ्यांत त्याला आवडणारी शालूही आहे. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, तसा तो जागीच उभा राहतो. शेवटचा दगड तर थेट पडद्याबाहेर, आपल्याकडे येतो. तिसऱ्या रकान्यात प्रेक्षकाचंच नाव लिहावं लागतं.

फळ्यावर मी कथानकाची चढती रेघ ओढली की वर्ग चिडीचूप होतो. ते मला फार आवडतं, तो मोह अजून सुटलेला नाही. पण या कथानकांना ती रेघ लागू पडत नाही.

मराठी शिकवणाऱ्या मित्रांनो, उत्कर्षबिंदू विचारण्याआधी मुलांना एवढं विचारा: हे घडत होतं तेव्हा तिथं कोण कोण उभं होतं?