आवाज कोणासाठी लावायचा?

महाराष्ट्रातील मिरवणुकांनी एका अभियंत्याच्या नावावर मोठा अन्याय केला आहे. ‘डॉल्बी’ हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत उभी राहते, खिडक्यांची तावदाने थरथरू लागतात आणि ओट्यावर बसलेली वृद्ध माणसे कानांवर हात ठेवून घरात जातात. आमच्या विदर्भात या प्रकाराला बहुधा ‘डीजे’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात मात्र ‘डॉल्बी’ हेच नाव रूढ झाले आणि पुढे ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ अशा मोहिमाही निघाल्या. वस्तुतः रे डॉल्बी (1933–2013) या अमेरिकन अभियंत्याला कीर्ती मिळाली ती गोंगाट कमी केल्याबद्दल. 1963 ते 1965 या काळात ते संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्याच देशात, चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत होते. येथून परतल्यावर 1965 साली त्यांनी लंडनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा स्थापन केली. ध्वनिफितीवर गाण्यामागे जो अखंड ‘सूं’ असा आवाज येत असे, तो दाबून टाकणारी योजना हे त्या प्रयोगशाळेचे पहिले यश. टेपरेकॉर्डरवर ‘डॉल्बी’ अशी अक्षरे असलेली एक लहानशी कळ असे, ती आमच्या पिढीतील वाचकांना आठवत असेल. ती कळ दाबल्याने आवाज वाढत नसे. आवाजामागची खरखर निघून जाई आणि गाणाऱ्याचा शब्द स्वच्छ होई.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, आता हेच नाव होम थिएटरच्या खोक्यांवर बसून खेड्यापाड्यांतील घरांत येऊ लागले आहे. आणि ते घरात येते तेव्हा सोबत मिरवणुकीचा अर्थ घेऊन येते.

महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे एका कुटुंबाच्या घरी असाच एक संच आला. घरातील थोरल्या मुलाने शहरातील नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या बचतीतून तो घेतला होता: एक रिसीव्हर, पाच स्पीकर आणि सहावा जाडजूड सबवूफर, ज्याला आपली मुले नुसते ‘वूफर’ म्हणतात. बिनतारी मायक्रोफोन आणि कर्णे यांच्याशी आमची जुनी सोबत असल्यामुळे त्या मंडळींनी आम्हांस बोलावून घेतले. संच सुरू होता. घर दणाणत होते. दाराजवळच्या बाजेवर बसलेल्या आजी मात्र आम्हांस म्हणाल्या, “फादर, आवाज तं लय हाय, पन मानूस काय म्हन्ते थे समजत नाई.”

आजींच्या त्या एका वाक्यात संपूर्ण शास्त्र सामावलेले होते, असे आम्हांस आजही वाटते.

रिसीव्हर म्हणजे काय, हे प्रथम पाहू. ज्या यंत्रात रेडिओ ग्रहण करण्याची सोय आणि ध्वनिवर्धक एकत्र असत, त्याला पूर्वीपासून हे नाव आहे. आजचा रिसीव्हर त्याहून अधिक कामे करतो. टीव्हीवरून किंवा डिस्कवरून येणारा ध्वनी तो उलगडतो, त्याचे वेगवेगळे प्रवाह करतो आणि प्रत्येक प्रवाह ज्याच्या त्याच्या स्पीकरकडे पाठवतो. ‘5.1’ असे जे लिहिलेले असते, त्यातील पाच म्हणजे समोरचे डावा, उजवा व मधला आणि बाजूचे किंचित मागे असलेले दोन. दशांशचिन्हापुढचा एक म्हणजे सबवूफर, कारण त्याच्याकडे केवळ खालच्या पट्टीतील गंभीर स्वर जातात. यांपैकी मधला स्पीकर दिसायला सामान्य, परंतु चित्रपटातील बहुतांश संभाषण त्याच्याच मुखातून बाहेर पडते.

श्रोत्याच्या सभोवार ध्वनी उभा करण्याची कल्पना यंत्रयुगातली आहे, असे मात्र कोणी समजू नये. व्हेनिस येथील संत मार्क यांच्या महामंदिरात सोळाव्या शतकात गायकांचे वेगवेगळे गट वेगवेगळ्या जागी उभे राहून एकमेकांना सुरांनी साद देत. 1527 पासून तेथे संगीतप्रमुख असलेले आद्रियान विलार्ट आणि त्यांच्यानंतरच्या पिढीतील जोव्हान्नी गाब्रिएली यांनी या रीतीला मोठी उंची दिली. दगडी घुमटाखाली आवाज घुमतो, शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून कोणी कोठे उभे राहावे आणि कोणी केव्हा थांबावे, याचा विचार त्यांना करावा लागे. रिसीव्हर लावताना आपल्यालाही हाच विचार करावयाचा असतो, फक्त घुमटाऐवजी आपल्यापुढे सिमेंटच्या भिंती आणि शहाबादी फरशी असते.

त्या घरी आम्ही पाहिले ते असे. मधला स्पीकर शोभेच्या कपाटात काचेआड ठेवलेला होता. टीव्हीचा स्वतःचा आवाजही चालूच होता. त्यामुळे प्रत्येक शब्द क्षणभराच्या अंतराने दोनदा ऐकू येई. समोरच्या एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. लाल खुणेची तार दोन्ही टोकांना लाल जागीच जावी आणि काळी काळ्या जागी, हा नियम क्षुल्लक वाटतो. परंतु तो मोडला की एका स्पीकरचा पडदा पुढे येत असता दुसऱ्याचा मागे जातो, गंभीर स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज नेमका कोठून येतो ते कळेनासे होते. सबवूफरची कळ तर अगदी शेवटापर्यंत फिरवलेली होती.

टीव्हीचा आवाज बंद केला, तारा सरळ केल्या, मधला स्पीकर काचेबाहेर काढून टीव्हीच्या खाली, बसणाऱ्याच्या कानांच्या रोखाने ठेवला. समोरचे दोन स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढले. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा आहे; घराघरांत कापसाच्या गाद्या आणि गोधड्या असतात. एक जाड सतरंजी फरशीवर पसरली, दोन गोधड्या मागच्या भिंतीपाशी उभ्या घडीने ठेवल्या, आणि खोलीतला कर्कश घुमारा पुष्कळसा उतरला. याला एक पैसाही पडला नाही.

यानंतर खरा प्रश्न उभा राहिला. अनेक रिसीव्हरांसोबत एक चिमुकला मायक्रोफोन येतो. तो श्रोत्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवावयाचा असतो. मग यंत्र प्रत्येक स्पीकरमधून एकेक ध्वनी सोडते, तो मायक्रोफोनपर्यंत यावयास किती वेळ लागला ते मोजते आणि त्यावरून अंतर ठरवते. ध्वनी एका सेकंदात सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे एक मीटर जाण्यास त्याला साधारण तीन सहस्रांश सेकंद लागतात. जवळच्या स्पीकरला यंत्र तितके थोपवून धरते, दूरच्याला तितके मोकळे सोडते, जेणेकरून सर्वांचा आवाज त्या एका जागी एकाच वेळी पोहोचावा. काही यंत्रांत अशा अनेक जागा मोजता येतात. तरी पहिली जागा बहुधा मुख्य मानली जाते.

तेव्हा प्रश्न असा: ती पहिली जागा कोणाची?

मुलाने मायक्रोफोन सोफ्याच्या मध्यभागी धरला होता. ती त्याच्या वडिलांची जागा. आम्ही त्याला विचारले, “या घरात सर्वांत कमी कोणाला ऐकू येते?” तो थांबला, त्याने दाराकडे पाहिले. उत्तर बाजेवर बसलेले होते.

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात वरच्या पट्टीतील ध्वनी आधी हरवतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणून वृद्ध माणूस म्हणतो की आवाज येतो पण शब्द कळत नाही, आणि आपण समजतो की त्याचे लक्ष नाही. अशा वेळी सरसकट आवाज वाढवून काही साधत नाही. उलट ढोलाचा दणका शब्दावर बसतो. मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी, सबवूफर उतरवावा, आणि यंत्रात रात्रीच्या वेळेसाठी मोठा व लहान आवाज यांतील अंतर कमी करणारी जी सोय असते ती चालू करावी. इतक्याने पुष्कळ फरक पडतो. ज्यांचा बहिरेपणा अधिक आहे, त्यांना कानांच्या डॉक्टरांकडे न्यावेच लागते. रिसीव्हर हा त्याला पर्याय नव्हे.

वडील काही न बोलता उठले. आजींची खुर्ची मध्यभागी आली, मायक्रोफोन त्यांच्या कानाच्या उंचीवर धरला गेला आणि मापे घेतली गेली. मग एक जुना मराठी विनोदी चित्रपट लावला. आजवर आजी सर्वांना हसताना पाहून मागाहून हसत. त्या संध्याकाळी त्या सर्वांबरोबर हसल्या. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा आत गेली.

वाचकहो, आपण यंत्र घेतो तेव्हा दुकानात वॅट विचारतो. पन्नासचे शंभर वॅट झाले तर आवाजात केवळ तीन डेसिबलची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटावा, तर सुमारे दहापट शक्ती लागते. साध्या बैठकीच्या खोलीत थोड्या वॅटवरही भागते. यासाठी अधिक पैसे मोजण्यापूर्वी स्पीकरची जागा बदलून पाहावी, हा शहाणपणाचा मार्ग. स्पीकरच्या मागे लिहिलेला ओहमचा आकडा रिसीव्हरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत बसतो की नाही, तेही तारा जोडण्यापूर्वी पाहावे.

घराच्या भिंतीपलीकडेही माणसे राहतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहापासून सकाळी सहापर्यंत. खाजगी जागेतील ध्वनियंत्राचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेहून पाच डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असेही नियम सांगतो. सबवूफरचा गंभीर स्वर भिंतींना फारसा जुमानत नाही. आपल्याला तो गमतीचा वाटत असतो, तेव्हा शेजारी कोणाचे तान्हे मूल झोपेतून दचकत असेल, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल. आपल्या घराच्या दाराबाहेर जाऊन एकदा आपलाच आवाज ऐकावा. नियम समजावून घेण्याची ही सोपी रीत आहे.

यंत्राची निगाही राखावी लागते. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांजवळ जातो आणि रिसीव्हर स्वतःही तापतो. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालू नये, बंद कपाटात कोंडू नये. वर आणि बाजूंना हात जाईल इतकी जागा मोकळी असावी. तारा जोडताना विजेची पिन काढलेली असावी, आणि पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की ती पुन्हा काढावी. फुलसावंगीत हे सांगताना आमचा स्वर आपोआप मऊ होतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये याच गावातील चोवीस वर्षांच्या एका वेल्डरने स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेतली. पाते तुटले आणि तो हातचा गेला. त्याची जिद्द गाव विसरलेले नाही. येथील मुलांच्या हातांत कसब आहे, धाडस आहे. त्या हातांना जपावे, म्हणून यंत्र लहान असो वा मोठे, पुस्तिका आधी वाचावी आणि कळ नंतर दाबावी, असे आम्ही भेटेल त्या मुलाला सांगतो.

घरात नवी वस्तू आली की ती कोणाच्या मालकीची, हे पावतीवरून ठरते. ती कोणाच्या उपयोगाची, हे मात्र घरातल्या माणसांनी ठरवावयाचे असते. आपल्या घरी असा संच असेल अथवा येणार असेल, तर मापे घेण्याच्या दिवशी सर्वांना एकत्र बोलवावे. पंखा बंद करावा, मुलांना क्षणभर गप्प बसवावे, आणि मायक्रोफोन घरातील सर्वांत दुबळ्या कानापाशी धरावा. त्या कानाला जे स्पष्ट ऐकू येईल, ते बाकीच्यांना ऐकू येईलच.