'मार्गे'च्या पुढची गावं

एसटीची पाटी वाचायला मी नोकरीत शिकलो. वाहतूक शाखेत हयात गेली. आता पवनारला धाम नदीच्या काठी राहतो, तरी गाडी दिसली की नजर आधी पाटीवर जाते. कुठून कुठे हे सगळेच वाचतात, मी 'मार्गे'च्या पुढचं वाचतो. वर्धा-नागपूर, मार्गे सेलू, केळझर, बुटीबोरी. टोकांची नावं पिढ्यान्‌पिढ्या तीच राहतात, गळतात ती मधली. म्हणून बसमार्गाचा इतिहास या बारीक अक्षरांत शोधावा.

पवनार वर्ध्याहून आठ-दहा किलोमीटर. रेल्वे आहे, पण गावाला स्टेशन नाही; आमची सिटी बस म्हणजे एसटीच. मुंबई राज्याची पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे-नगर धावली, तेव्हा आम्ही त्या राज्यातच नव्हतो. विनोबा मार्च 1951 मध्ये इथल्या परंधाम आश्रमातून पायी शिवरामपल्लीला निघाले, तेव्हा पवनार मध्य प्रदेशात होतं आणि राजधानी नागपूर होती. पुढे भूदानाची पदयात्रा सुरू झाली नि ते परतले थेट 1964 मध्ये. दरम्यान 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात आला, इकडची प्रांतिक बससेवा एसटीत विलीन झाली, 1960 ला महाराष्ट्र झाला. विनोबा चालत राहिले, गाव जागचं हललं नाही आणि समोरून जाणाऱ्या बसचा मालक मात्र बदलला!

नागपूरची शहर बससेवाही बरीच वर्षं एसटीच चालवायची. 2007 ला तिथे 'स्टार बस' आली, नंतर 'आपली बस'. रंग बदलले, ठेकेदार बदलले. गर्दीचा ओढा सीताबर्डीकडेच राहिला.

मार्ग बदलतो कसा, हे आता सांगतो. आमच्या खात्याचा लाडका शब्द म्हणजे भारमान. आसनक्षमतेच्या मानाने गाडी किती भरली त्याचा हिशेब. भाडं टप्प्यावर, टप्पा सहा किलोमीटरचा. वर्ध्याला बसलेली बाई दुसऱ्याच टप्प्यात पवनारला उतरली आणि तिची जागा पुढे कुणी घेतली नाही, तर ती सीट नागपूरपर्यंत रिकामी जाते. म्हणून लांबच्या गाडीच्या वाहकाला "भाऊ, पवनारले थांबते का?" हा प्रश्न गोड लागत नाही. त्याला दोष देऊ नका, हिशेबच तसा आहे. मग गाडी 'जलद' होते, पाटीवरची बारीक अक्षरं कमी होतात. थांबा बंद करण्याचा हुकूम सहसा कुणी काढत नाही. गाड्या थांबायच्या राहतात, एवढंच.

हे पाप मीही केलंय. एका आगारात (नाव सांगत नाही) सकाळची एक फेरी मी वीस मिनिटं पुढे ढकलली. भारमान सुधारलं, मी खूश. आठवड्याने कळलं की त्या गाडीच्या पोरींचा शाळेतला पहिला तास रोज बुडतोय. त्यांचे पास फुकटचे, म्हणून माझ्या उत्पन्नाच्या रकान्यात त्या दिसल्याच नव्हत्या. फेरी जुन्या वेळेवर आणली.

रस्ता सुधारला की थांब्याचं भलं होतं, असंही नाही. चौपदरी रस्त्यावर दुभाजक येतो आणि एका थांब्याचे दोन होतात. जायचा एकीकडे, यायचा दुसरीकडे. म्हाताऱ्या माणसाला ती रुंदी ओलांडणं हाच मोठा प्रवास. समृद्धी महामार्गाचं तर बोलायलाच नको. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी असा तो सुरू झाला आणि आमच्याच जिल्ह्यातून गेला, पण त्यावर चढउतार ठरावीक इंटरचेंजवरच. तिथे 'मार्गे' हा शब्दच फिजूल.

उलट दिशेनेही काही घडलं. 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून थांब्यावर भाजीच्या टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बाया जास्त दिसतात, आणि हात दाखवला तर साधी गाडी थांबते. थांबा जिवंत ठेवायचा याहून सरळ उपाय मला माझ्या नोकरीत सापडला नव्हता.

हल्ली पाट्याही विजेच्या. बटण दाबलं की जुनं नाव गेलं. पूर्वीच्या पत्र्याच्या, हाताने रंगवलेल्या पाट्या भंगारात निघतात. कुणाच्या गोठ्यात, परसात अशी एखादी पाटी आडोशाला लावलेली असेल, तर ती विकण्याआधी तिचा एक फोटो काढून ठेवा. 'मार्गे'च्या पुढची अक्षरं तेवढी स्पष्ट येऊ द्या.