गुडघेदुखीचं निमित्त



दशलक्षण पर्व जवळ आलं की मी दरवर्षी पारण्याच्या पदार्थांबद्दल लिहिते. यंदाचा विषय वेगळा आहे. लिहावं की नाही, या विचारात चार महिने गेले. शेवटी सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही दम्यावर लिहिलंत, बद्धकोष्ठावर लिहिलंत. मग यालाच कशाला लाजायचं?" म्हणून आज लिहिते. घरातल्या पुरुषांनी वाचलं तरी चालेल. खरं तर वाचावंच.

आपल्याकडे या दुखण्याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात. गर्भाशय, पुढे लघवीची पिशवी आणि मागे शौचाचं आतडं, हे सगळं खालून स्नायूंनी तोललेलं असतं. बाळंतपणं, जड कामं, वय आणि पाळी गेल्यानंतरची झीज यांनी ते स्नायू सैल पडतात आणि आतला भाग खाली सरकतो. माझ्या बाबतीत त्यात दम्याची भर पडली.

लग्न होऊन मी मलकापुरात आले ते १९७६ साली. तेव्हा हे कराडजवळचं खेडंच होतं. पाणी विहिरीचं. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी. पाणी आणायचं, दुहेरी कापडातून गाळायचं, आणि गाळलेल्यातली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडून यायची. सासूबाईंचा तो नियम पक्का होता आणि मला आजही तो बरोबरच वाटतो. फक्त एक वाटतं, बाळंतिणीला त्यातून सहा महिने सूट असायला हवी होती. तिन्ही बाळंतपणांनंतर सव्वा महिना झाला की घागर पुन्हा डोक्यावर आली. पुढे मलकापुरात चोवीस तास पाण्याची योजना झाली, नळाला मीटर बसले, लांबलांबून लोक ती योजना पाहायला येऊ लागले. माझी कंबर तोवर वाहून झालेली होती.

दुसरा वाटा चुलीचा. ओलं सरपण, शेणी, कोंदलेलं स्वयंपाकघर. पंचेचाळिशीत दमा जडला. गॅस आला तरी दर उसाच्या हंगामात पाचट पेटलं की धूर घरात शिरतो आणि माझा खोकला सुरू होतो. एकदा लागला की पंधरा पंधरा मिनिटं थांबत नाही.

त्रेसष्टाव्या वर्षी अशाच एका खोकल्याच्या आठवड्यात आंघोळ करताना हाताला लिंबाएवढं काहीतरी लागलं. आधी गाठ वाटली, पोटात गोळाच आला. आडवी झाले की ते आत जायचं, उभी राहिले की पुन्हा खाली. संध्याकाळपर्यंत ओटीपोट ओढल्यासारखं व्हायचं. लघवी झाली तरी झाल्यासारखी वाटायची नाही, आणि खोकला आला की थेंब गळायचे.

मी कुणाला सांगितलं नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं.

जुन्या सुती लुगड्याच्या घड्या करून वापरायला लागले. मंदिरात सामायिकाला मांडी घालून बसेना, तेव्हा खुर्ची मागितली आणि म्हणाले, "गुडघे दुखतात." कुंभोजच्या बाहुबलीला मंडळातल्या सगळ्याजणी निघाल्या, डोंगराच्या पायऱ्या चढायच्या म्हणून मी राहिले. पुन्हा गुडघेच. मुलाने हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने गुडघे चांगले आहेत." मुलगा बिचारा माझ्यासाठी तेल घेऊन आला. ते तेल मी रोज मुकाट्याने धडधाकट गुडघ्यांना चोळत होते.

मनाची समजूत मी धर्मानेच घातली होती. बावीस परीषहांमध्ये रोग हा एक परीषह आहे ना? आपलंच कर्म उदयाला आलंय, शांतपणे भोगायचं, निर्जरा होईल. असं म्हणायचे आणि रात्री उशीत तोंड खुपसून खोकला दाबायचे, कारण खोकला आला की सगळं खाली यायचं. त्याने खोकला थांबत नव्हता, दमा मात्र वाढत होता.

डोळे उघडले ते अक्कांमुळे. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. शेवटच्या आजारपणात त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना पुसून घ्यायचं काम मी आणि सूनबाईने वाटून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी दिसलं. अक्कांचं अंग पूर्ण बाहेर आलेलं होतं, घासून घासून जखम झालेली होती. मी विचारलं, "अक्का, कधीपासून?" त्या म्हणाल्या, "धाकट्याच्या वेळेपासून." म्हणजे तीस वर्षं. तीस वर्षं ही बाई शेतात भांगलत होती, अष्टमी-चतुर्दशी करत होती, लग्नकार्यात पंगती वाढत होती. "कुणाला सांगायचं? बायकांचं असंच असतं," एवढंच बोलल्या आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या घरात आम्ही दोघी चाळीस वर्षं एका ओट्यापाशी उभ्या राहिलो होतो. दोघींनाही तेच दुखणं, आणि एकमेकींना पत्ता नाही.

अक्का गेल्या त्या वर्षीच्या दशलक्षणात तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जवावर प्रवचन होतं. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक, ओठांवर एक आणि वागण्यात तिसरंच, तो मायाचार. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दरवेळी मला दुकानदार, राजकारणी, भावकीतली माणसं आठवत आली आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा माझे गुडघे आठवले.

परीषह सहन करणारा मुनी समतेने सहन करतो. मी समतेने काहीच केलं नव्हतं. मी घाबरले होते, चिडचिड करत होते, घरच्यांशी खोटं बोलत होते आणि त्याला तपाचं नाव देत होते. शिवाय मी मुनी नाही, श्रावक घरातली बाई आहे. आपल्या चार दानांमध्ये आहारदान, अभयदान आणि ज्ञानदानाच्या जोडीला औषधदानही आहे. मुनींनाही आहाराच्या वेळी आपण औषध देतो. देण्यात पुण्य असेल, तर घेणाऱ्याने लाजायचं कशाला?

त्या रात्री सूनबाईला सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "उद्या जाऊ."

कराडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पाच मिनिटांचं काम होतं, दोन वर्षं मी त्याची भीती बाळगली होती. त्यांनी समजावलं ते असं. खोकल्याचा प्रत्येक ठसका पोटातला दाब वाढवतो आणि तो दाब खालच्या स्नायूंवर येतो. दमा आटोक्यात नसताना शस्त्रक्रिया केली तर टाके त्याच खोकल्याने पुन्हा सैल पडू शकतात. म्हणून आधी दमा, मग बाकीचं. तोवर रिंग बसवायची. ही सिलिकॉनची मऊ गोल चकती असते, आत बसते आणि खाली येणाऱ्या भागाला आधार देते. मापाची बसली की ती आहे हेही कळत नाही. मला पहिली लहान झाली, शौचाच्या वेळी निसटली. दुसरी बसली. दर तीन महिन्यांनी जाऊन ती काढून, धुऊन, आतली त्वचा तपासून घ्यायची. सोबत त्वचेसाठी मलम दिलं.

ज्यांची प्रकृती शस्त्रक्रियेला योग्य आहे त्यांनी घाबरू नये, हेही त्यांनी सांगितलं. या दुखण्यावरची एक नावाजलेली शस्त्रक्रिया तर आपल्याच माणसाची आहे. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी मुंबईत काम करताना ती बसवली. गर्भपिशवीच्या तोंडाच्या टाक्यासाठी ते जगभर प्रसिद्ध आहेत, पण खाली आलेली पिशवी न काढता पट्टीने वर बांधण्याची पद्धतही त्यांच्या नावाने ओळखली जाते. इतकी वर्षं उपाय हाताशी होता आणि आमच्या अक्का घड्या करत बसल्या.

अक्का एकट्या नव्हत्या. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं होतं. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रियांचा कुठला ना कुठला आजार होता, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या बायकांनी आपापल्या घरी काय निमित्तं सांगितली असतील, असं मला ते वाचताना वाटत राहिलं.

आता घरातल्या गोष्टी, ज्या तुम्हाला उपयोगी पडतील.

व्यायाम: लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच आकडे धरायचे, पाच आकडे सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हे करू नये. मी आधी जपाबरोबर करून पाहिलं, धड जप झाला नाही आणि व्यायामही नाही. आता दूध तापेपर्यंत ओट्यापाशी करते. फरक जाणवायला चार महिने लागले. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळून घ्यायचं, मग खोकायचं. ही सवय सगळ्यात कामाची.

वजन: पाणी उकळण्याचं मोठं पातेलं गेलं, दोन लहान आली. गाळण्याचा नियम तोच, हंडा उचलणं बंद.

पोट साफ राहणं: कुंथणं म्हणजे खोकल्याचंच भावंडं. चातुर्मासात आपण पालेभाज्या सोडतो आणि मग त्रास होतो. कुणीतरी अंजीर सुचवले, पण ते आपल्याला उदुंबर फळांत वर्ज्य. मी भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई, सालीचे मूग, दोडका, भोपळा आणि ज्वारीची भाकरी यावर भागवते. लागलं तर सूर्यास्ताआधी इसबगोल, भरपूर पाण्यातून.

उपवास: इथे मी सगळ्यात जास्त अडले. दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरावीच लागते, नाहीतर तोंडात बुरशी धरते. निर्जळ उपवासात चूळ कशी भरायची? म्हणून मी पंप चुकवायचे, आणि चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी हमखास दमा उसळायचा. चातुर्मासासाठी आलेल्या आर्यिका माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, शक्तीप्रमाणे त्याग, शक्ती लपवूही नये आणि ओलांडूही नये. आता मी एकाशन करते. बाकीच्या दिवशी अवमौदर्य, म्हणजे दोन घास कमी. तेही तपच आहे, आणि पोट हलकं असलं की श्वासही मोकळा राहतो. रिंग असताना मंदिरात जाण्याबद्दलही विचारलं. औषध ते औषध, असं त्या म्हणाल्या.

आणि हे मात्र लक्षात ठेवा. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, घाण वासाचा स्राव आला, लघवी अडली किंवा बाहेर आलेला भाग आत जाईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

मी बरी झाले आहे असं म्हणणार नाही. पाचटाच्या दिवसांत अजून घाबरते. मागच्या महिन्यात खोकल्याने रिंग पुन्हा निसटली आणि मी बाथरूममध्ये रडले. थंडी संपल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करू, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. छातीचे डॉक्टर काय म्हणतील त्यावर ते आहे. पण आता रात्री दमा लागला की सूनबाई उठून पाठ शेकते, आणि मला तिच्यापासून काही लपवावं लागत नाही. आपल्या शास्त्रात वैयावृत्त्य, म्हणजे आजाऱ्याची सेवा, हे अंतरंग तप सांगितलं आहे. मी दोन वर्षं गप्प राहून तिला त्या तपाची संधीच दिली नव्हती.

मुलालाही सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे ते तेल..." आम्ही तिघंही हसलो. तेलाची अर्धी बाटली अजून कपाटात आहे.

यंदा तिसऱ्या दिवशी, आर्जवाच्या दिवशी, एवढं करा. घरात जी बाई खुर्ची मागते, यात्रेला नको म्हणते, कापडं वेगळी वाळत घालते, तिला एकांतात विचारा. आणि ती बाई तुम्हीच असाल, तर सुनेला, लेकीला, बहिणीला, कुणाला तरी सांगा. माझी तपासणीची तारीख पर्व संपल्यावर आहे. मंडळातल्या एकीने विचारलंय, "मी बरोबर येऊ का?" तिचेही गुडघेच दुखतात म्हणे.

उत्तम क्षमा.