उताऱ्यावरची पेन्सिल

निपाणीत आमच्या भिंतीला भिंत लागून अव्वा-अप्पांचं घर. ते लिंगायत, कन्नड बोलणारे; आम्ही मराठी. आई दारात तेंदूची पानं कापत, विड्या वळत बसायची. अव्वा जाता-येता विचारायची, "ऊटा आतेन्री?" आई मराठीत सांगायची, जेवण झालं की नाही ते. दोघींनी एकमेकींची भाषा कधी धड शिकली नाही. तरी गप्पा व्हायच्या, आणि अधूनमधून भांडणही व्यवस्थित व्हायचं.

वडील गेले तेव्हा मी देवचंद कॉलेजात होतो. (घर कर्नाटकात आणि कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. रोज चालत परराज्यात शिकायला जाण्यात आम्हाला काही विशेष वाटत नसे.) वारसाची नोंद करायची, तर शेताचा उतारा कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये, कचेरीतून आलेली नोटीसही कन्नडमध्ये. ज्या जमिनीत बापजाद्यांनी हाडं झिजवली, तिचा कागद घरात एकालाही वाचता येईना.

अप्पा निवृत्त कन्नड मास्तर. त्यांनी उतारा मागून घेतला, चष्मा चढवला आणि प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात, मराठी अर्थ लिहीत गेले. आजोबांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, तिथे पेन्सिल थांबली. त्यांनी ते पकडलं नसतं तर नोंद अडकलीच असती. आईला म्हणाले, "तंगी (म्हणजे धाकटी बहीण), सही तू करायची. वाचायचं काम माझं." पुढे कचेरीच्या खेपाही त्यांनीच घातल्या. एसटीचं भाडं देऊ केलं तर रागावले.

आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मी काळ्या दिनाच्या फेरीत होतो. 1956 साली याच तारखेला बेळगाव-निपाणीचा हा पट्टा म्हैसूर राज्यात गेला, म्हणून आम्ही दंडाला काळी फीत बांधतो. कन्नड लोकांचा त्या दिवशी राज्योत्सव. अप्पांच्या थोरल्याच्या खिशाला लाल-पिवळी फीत होती. रात्री अव्वानं आम्हा दोघांना शेजारी बसवून कडक भाकरी नि एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, वाढली. वाद झाला, चांगला कडाक्याचा. अप्पा एवढंच म्हणाले, "मराठी कागद मागतोस, ते बरोबर. मिळेपर्यंत मी आहे." निपाणी कुणाची, यावर मात्र ते शेवटपर्यंत हटले नाहीत. मीही नाही.

1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर ठाण मांडून बसले, तेव्हा भाकऱ्या दोन्ही घरांतून गेल्या. 6 एप्रिलच्या गोळीबारात 12 शेतकरी गेले. ते बोलत कुठली भाषा होते, हे आमच्या गल्लीत कुणी विचारलं नाही.

पुढे कधीतरी मूळच्या बेळगावच्या अनुवादक उमा कुलकर्णींच्या कामाबद्दल वाचलं. पती विरुपाक्ष कन्नड कादंबरी मोठ्यानं वाचून टेप करायचे, उमाताई ती ऐकून मराठीत उतरवायच्या. कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठी घरांत पोचले ते असे. आमच्या घरी कादंबरीऐवजी उतारा होता, पण वाचून दाखवणारं माणूस त्याच जातकुळीचं.

आम्ही बदल्यात काय केलं? अव्वाची लेक इचलकरंजीला दिलेली. नातवंडं मराठी शाळेत. त्यांची पत्रं आई अव्वाला वाचून दाखवायची, आणि "आजीला नमस्कार" ही ओळ अव्वा दोनदा वाचायला लावायची. हिशेब मांडला तर बाकी आमच्याकडेच निघते.

अप्पा गेले, अव्वाही गेली. सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर सीमाभागातल्या माणसाला त्याच्या जमिनीचा कागद त्याला वाचता येईल अशा भाषेतही द्या. हे काम सरकारचं आहे. शेजाऱ्याच्या भलेपणावर ते सोडून देऊ नका.