दोष तुपाचा नव्हता

आमच्याकडे हे तीन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर खेपेला चार तास. घराला आता त्याची सवय झाली आहे. आज सांगायचं आहे ते माझ्याच एका अति-शहाणपणाबद्दल.

ह्यांच्या शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ असत. एका सोमवारी खाट रिकामी! रविवारी रात्री हृदयविकारानं गेले म्हणे. डायलिसिसच्या रोग्यांना मोठा धोका हृदयाचाच, हे तेव्हा कळलं नि माझ्या पोटात गोळा आला. त्याच आठवड्यात ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड वाढलेलं, चांगलं कोलेस्टेरॉल कमी.

झालं! तुपाचा डबा वरच्या फळीवर गेला. फोडणीचं तेल थेंबावर आलं, दह्याची वाटी लहान झाली. हे बिचारे मुकाट्यानं जेवत. दोन महिन्यांत सदरे अंगावर लोंबू लागले, तरी मी आपली खूश, की चरबी उतरते आहे!

शेवटी डॉक्टरांनाच विचारलं, "आमच्या जाऊबाईंच्या यजमानांना कोलेस्टेरॉलची गोळी आहे, मग ह्यांना का नाही?"

डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं. एरवी ही गोळी उपयोगी खरीच. पण डायलिसिसवरच्या रोग्यांवर तिचे दोन मोठे प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २००५ आणि २००९ साली आले. खरी गोळी घेणारे नि खोटी घेणारे, यांच्या हृदयविकारात म्हणावा तसा फरक पडला नाही. म्हणून २०१३ पासूनचा तज्ज्ञांचा सल्ला असा, की डायलिसिस चालू असताना ती नव्यानं सुरू करू नये. आधीपासून चालू असेल तर चालू ठेवावी. मूत्रपिंडं थकली की रक्तातली चरबी मोडण्याचं काम मंदावतं, दोष नुसत्या तुपाचा नसतो. शिवाय ह्या हृदयावर ताण येतो तो रक्तदाबाचा, अंगात साठलेल्या पाण्याचा नि वाढलेल्या फॉस्फरसमुळे रक्तवाहिन्यांत बसणाऱ्या चुन्याचा.

"आणि वहिनी," ते म्हणाले, "उपासमारीनं उतरलेलं कोलेस्टेरॉल ही चांगली खूण नव्हे. ह्यांना प्रथिनं जास्तच लागतात, वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम."

मला रडूच कोसळलं. ज्यांना जपायचं, त्यांनाच मी उपाशी ठेवलं होतं!

आता आमच्या घरात कधी न शिजलेलं अंडं शिजतं. पिवळा बलक काढून नुसता पांढरा भाग ह्यांना देते. पापड-लोणची बंद. मीठ मोजून, पण बाजारातलं कमी सोडियमचं मीठ नाही, कारण त्यात पोटॅशियम असतं. दिवसाचं पाणी सकाळीच मापून बाटलीत भरते. शुक्रवार ते सोमवार हे अंतर लांबचं, तेव्हा वजनकाट्यावर विशेष लक्ष. आणि डायलिसिसची पाळी चुकवायची नाही म्हणजे नाही.

मैत्रिणींनो, ह्यातलं काहीही माझं ऐकून करू नका. गोळी असो की पथ्य, आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा नि विचारूनच बंद करा. काळजीपोटी केलेलं सगळंच हिताचं असतं असं नाही.

परवा भातावर चमचाभर तूप वाढलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हटलं, "अहो, जेवा. विचारून वाढलंय."